घरात एसीचे आणि स्पीकरचे झोन एकच ठेवावेत का?

नाही, दोन्हींचे झोन (म्हणजे घराचे वेगवेगळे नियंत्रित होणारे भाग) वेगळे आखा. हवेचा झोन ऊन, मजला आणि दारांवरून ठरतो. पश्चिमेच्या खोल्या दुपारनंतर तापतात, म्हणून त्यांना वेगळा थर्मोस्टॅट आणि डक्टमध्ये (थंड हवेच्या नळीत) मोटरचा डॅम्पर, म्हणजे हवा अडवणारी झडप, हवी. (थर्मोस्टॅट उन्हाच्या भिंतीवर नको, भलतंच तापमान दाखवतो.) आवाजाचा झोन मात्र कोण कुठे बसून काय ऐकतं यावर. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये दार नसेल तर हवेचा झोन एकच, पण अ‍ॅम्प्लिफायरचे झोन दोन घ्या. मिक्सर सुरू झाला की तिथलाच आवाज वाढवता येतो. फक्त सेंट्रल एसीचा ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) एकाच वेगाचा असेल तर हवेचे झोन फार बारीक करू नका. बाकीचे डॅम्पर बंद झाले की सगळी हवा एका डक्टमध्ये घुसते, जाळीतून शिट्टी वाजते आणि हवा थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फही साचू शकतो.