गाडीतल्या पलंगाची गादी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जळगावात हायवेला लागून माझं सीट-कुशनचं दुकान आहे. पूर्वी ट्रकच्या सीटा आणि लग्नाच्या बसगाड्यांचे पडदे एवढंच काम यायचं. आता मधूनच कोणी मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी, घेऊन दारात उभं राहतं आणि म्हणतं, ‘काका, गादी बदलायचीय.’ घरच्या गादीचे नियम गाडीत चालत नाहीत, म्हणून आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न इथे घेतलेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर जुनी ट्रॅव्हलर घेऊन मोटरहोम करून घेतली. गादी सहा इंची होती, दीड वर्षात मधोमध खड्डा पडला. सकाळी कंबर धरते. दुकानदार आठ इंची घ्या म्हणतो. घेऊ का? (निवृत्त शिक्षक, चाळीसगाव)

नका घेऊ, गुरुजी. तुमचा फोम हलका होता म्हणून खड्डा पडला, जाडीचा त्यात काही दोष नाही. तोच फोम आठ इंचाचा घेतलात तर खड्डाही तेवढाच खोल पडेल.

फोमच्या दुकानात 23, 28, 32, 40 असे आकडे ऐकू येतात. ती डेन्सिटी, म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. घरी पाहुण्यांसाठी काढायच्या गादीला 28 चालून जाते. रोज झोपायचं असेल, त्यात गाडीचे हादरे असतील, तर 40 च्या खाली उतरू नका. शक्यतो एचआर फोम घ्या, तो दाबला की लगेच वर येतो. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. 40 डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. डेन्सिटीवर गादी किती वर्षं टिकेल ते ठरतं, कडकपणावर तुमच्या कंबरेला काय वाटेल ते.

आता आकड्यावर विश्वास किती ठेवायचा? मला स्वतःला एका व्यापाऱ्याने 40 सांगून दुसराच माल दिला होता. वर छापील स्टिकरही होतं. तेव्हापासून मी शीट काट्यावर ठेवतो. 72 बाय 36 ची, 4 इंच जाडीची शीट 40 डेन्सिटीची असेल तर वजन पावणेसात किलोच्या आसपास भरतं, 32 ची असेल तर साडेपाच. मला दिलेली शीट पाच किलोसुद्धा भरली नाही. तुम्ही गणिताचे शिक्षक नसलात तरी एवढा हिशेब सहज जमेल, आणि काटा कुठल्याही किराणा दुकानात मिळेल.

जाडी ठरवायची ती छताकडे बघून. पलंगावर ताठ बसा. गादीच्या वरून छतापर्यंत 36 इंच मिळाले तर बसून चहा पिता येतो. आठ इंची गादीने तुमचे दोन इंच जातील आणि रोज सकाळी डोकं आपटेल. तुमच्यासाठी खाली चार इंच कडक एचआर आणि वर एक इंच मऊ, एकूण पाच इंच पुरे. कुशीवर झोपायची सवय असेल तर वरचा थर दोन इंच करा, खांदा आणि खुबा रुतायला तेवढी जागा लागते. वजन नव्वद किलोच्या पुढे असेल तर खालचा थर पाच इंच. याच्यापलीकडे दुकानदाराचा फायदा.

प्रश्न : आमच्या गाडीत पलंगाचा एक कोपरा गोल आहे आणि चाकाच्या उंचवट्याजवळ खाच आहे. तयार गादी बसत नाही. माप कसं द्यायचं? (शेतकरी, रावेर)

फोनवरून माप देऊ नका आणि फोटोही पाठवू नका, फर्मा बनवा. रावेरात केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा काय कमी आहे? चार-पाच खोकी उलगडून पलंगावर अंथरा, चिकटपट्टीने जोडा आणि कडेकडेने दाबत कापा. गाडीच्या भिंती सरळ दिसतात पण सरळ नसतात. डोक्याकडे 48 इंच भरलेला पलंग पायाकडे 47 भरतो. टेपने एकाच जागी मोजणारा तिथेच फसतो.

फर्मा झाला की वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘वर’ लिहा आणि ड्रायव्हरच्या बाजूला बाण काढा. हे मी शहाणपणाने नाही, नुकसान भरून शिकलो. एकदा फर्मा उलटा पडला आणि मी पाच इंची अख्खी शीट आरशातल्यासारखी कापली. गोल कोपरा नेमका दुसऱ्या अंगाला आला. त्या फोमच्या पुढे दुकानातल्या स्टुलांच्या गाद्या झाल्या, अजून आहेत.

चादर खोचायला बोट जायला हवं, म्हणून गादी पलंगापेक्षा चारही बाजूंनी पाव-पाव इंच कमी ठेवा. आतला फोम मात्र कव्हरपेक्षा अर्धा इंच मोठा कापायला सांगा. तो दाबून भरला की कव्हर ताणून बसतं, सुरकुत्या पडत नाहीत. चेन लांब बाजूला घ्या, आखूड बाजूने पाच फुटी फोम कव्हरात घालताना दोन माणसं घामाघूम होतात. स्प्रिंगची गादी कोपरा काढून कापता येत नाही, तो विचार सोडून द्या. पलंगाखाली सामान ठेवत असाल तर गादी दोन भागांत करा, पण जोड लांबीच्या दिशेने घ्या. आडवा जोड बरोबर कंबरेखाली येतो.

प्रश्न : डिसेंबरात तोरणमाळला चार रात्री गाडीत राहिलो. परत आल्यावर गादी उचलली तर खालून ओली आणि काळे ठिपके! गाडी गळत नाही, पाऊसही नव्हता. धूळ लागू नये म्हणून गादीखाली प्लास्टिक टाकलं होतं. (धुळे)

हे पाणी तुमचंच आहे. बंद गाडीत दोन माणसं झोपली की श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास ओल हवेत जाते. वरून अंगाची ऊब, खालून सातपुड्याची थंडी. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, डिसेंबरात तिथे गाडीचा पत्रा आणि प्लाय बर्फासारखा लागतो. ओली, उबदार हवा फोममधून खाली झिरपते आणि गार प्लायवर दव धरते. थंड तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच. प्लास्टिकमुळे त्या पाण्याला जायलाही वाट राहिली नाही. ते आजच काढून टाका.

फोम उभा कापून बघा, नाहीतर चेन उघडून कडेला चिमटा घ्या. ठिपके नुसते कव्हरवर असतील तर गाडीबाहेर, तोंडाला फडकं बांधून ब्रशने झटका, कव्हर धुवा आणि फोम दोन दिवस वाऱ्यावर वाळवा. फोम थेट उन्हात दिवसचे दिवस ठेवू नका, पिवळा पडून चुरा होतो. काळेपणा आत उतरला असेल तर फोम टाकून द्या. बुरशीचा वास धुऊन जात नाही, आणि त्यावर रोज नाक ठेवून झोपायचं असतं.

नवी गादी टाकायच्या आधी तळ दुरुस्त करा. प्लायला दर सहा इंचावर एक इंचाचं भोक पाडा, कडेचे चार इंच सोडून. त्याहून बरं म्हणजे प्लाय काढून लाकडी पट्ट्या बसवा. पट्टी अडीच इंच रुंद, दोन पट्ट्यांमध्ये फट दोन इंच. फट तीनच्या पुढे गेली की फोम फटीत रुततो आणि सकाळी पाठीवर पट्ट्या मोजता येतात. सुतार नको असेल तर प्लाय आणि गादीच्या मध्ये काथ्याची जाड चटई टाका, तिच्यातून हवा खेळते.

रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा. थंडी वाजेल, वाजू द्या, एक रजाई जास्त घ्या. सकाळी उठल्याबरोबर पांघरुणं गादीवर घडी करून ठेवायची आपली शिस्त गाडीत मोडायची. अर्धा तास गादी एका कडेवर उभी करा, मग हवी तेवढी शिस्त.

प्रश्न : घरचा कापूस आहे, पिंजारीही ओळखीचा. मग फोमला पैसे का घालायचे? सासूबाई म्हणतात, कापसाच्या गादीसारखी झोप नाही. (गृहिणी, अमळनेर)

सासूबाईंचं खरं आहे, ताई. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा फोमवरचा घाम सुकत नाही. कापूस तो शोषून घेतो आणि वाऱ्याला देऊन टाकतो. पण एकट्या कापसाची गादी गाडीत टिकत नाही. हादऱ्यांनी कापूस सरकतो, गुठळ्या होतात, दर वर्षी पिंजून घ्यावी लागते. शिवाय ती जड होते, आणि एकदा भिजली की गाडीत वाळवणार कुठे?

म्हणून दोन्ही करा. खाली चार इंच 40 चा फोम आणि वर घरच्या कापसाची दीड-दोन इंची पातळ गादी. पिंजाऱ्याला सांगा, टाके चार-चार इंचांवर घाल, नेहमीसारखे लांब नको. टाके जवळ असले की कापूस जागचा हलत नाही. सरकी नीट निघाली आहे ना ते चिमटीत घेऊन बघा, एक सरकी राहिली तरी सासूबाईंना चादरीतूनही टोचेल. ही वरची गादी गुंडाळता येते, मुक्कामी टपावर किंवा दोरीवर ऊन देता येतं. हिवाळ्यात तीच ऊब धरते. माझ्या मते खान्देशातल्या गाडीसाठी हीच सगळ्यात चांगली जोडी आहे, आणि माझा यात धंदा निम्माच होतो.

प्रश्न : ऑनलाइन मेमरी फोमची गादी मागवू का? (भुसावळ)

भुसावळात? नको. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो, तो त्याचा गुणच आहे. बंद एसीच्या खोलीत ते सुख. मे महिन्यात दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत त्याचं भाजलेलं वांगं होतं, झोपलात की भरितात रुतल्यासारखं वाटेल. आणि तीच गाडी घेऊन डिसेंबरात डोंगरावर गेलात तर पहिली पंधरा मिनिटं फळीवर झोपल्यासारखी जातील. घ्यायचाच तर वर एक इंचाचा थर, त्यापेक्षा जास्त नाही.

प्रश्न : मोटरहोम नाही भाऊ, ट्रक आहे. सीटमागच्या बर्थवर आलटून पालटून झोपतो. रेक्झिनला पाठ चिकटते आणि खालून इंजिनची धग येते. आमच्यासाठी काही आहे का? (ट्रकचालक, पारोळा)

आहे ना, दादा. खरं तर रात्रभर गाडीत झोपायचा अनुभव तुम्हालाच सगळ्यांत जास्त.

बर्थ अरुंद, त्यामुळे कडेवर बसून बसून फोम आधी कडेलाच दबतो. तुम्ही खाली दोन इंच रीबॉन्डेड घ्या. फोमचे तुकडे चिकटवून, दाबून केलेला तो रंगीबेरंगी ठोकळा. 90 च्या आसपास डेन्सिटी असली की वर्षानुवर्षं बसत नाही. जड असतो, म्हणून मोटरहोमच्या मोठ्या पलंगाला मी तो सहसा सुचवत नाही, पण दोन फुटी बर्थला वजनाचं काय! त्यावर दोन इंच एचआर. धगीसाठी रीबॉन्डेडच्या खाली काथ्याची चटई टाका, फोम तापलेल्या पत्र्याला थेट टेकू देऊ नका.

रेक्झिन बाजूच्या पट्टीला राहू द्या, तिथे ग्रीस आणि बुटांची माती लागते. वरचा भाग मात्र जाड सुती कापडाचा करून घ्या आणि कव्हरं दोन शिवून घ्या, एक अंगावर, एक धुण्यात. बर्थवर बिडी ओढायची नाही, स्टोव्ह तर केबिनमध्ये आणायचाच नाही. फोम पेटला की त्याचा धूर आधी माणसाला पाडतो, ज्वाळा मागून येते. आणि एकजण चालवत असताना दुसरा झोपला असेल तर त्याने पट्टा लावावा. बर्थला पट्टा नसेल तर आधी तो बसवून घ्या, गादीचं नंतर बघू.

नागपूरकडे जाताना पुठ्ठ्याचा फर्मा दुकानात टाकून जा. फोम तासाभरात कापून होईल. शिलाईला दोन दिवस लागतात, परतीच्या खेपेला घेऊन जा.