कागदावर आण

अगं पोरी,

'मावशी, 2,360 रुपयांसाठी किती मागे लागायचं? सोडून देऊ का?' तुझा हा मेसेज वाचून आधी वाईट वाटलं, मग रागच आला. पहिल्या पगाराची पार्टी. वेटर म्हणाला, मशीन अडकलं, परत पिन टाका. तू टाकलास. 9:42 ला पैसे कापल्याचा एक एसएमएस, 9:44 ला दुसरा. मॅनेजर म्हणाला, 'येतील मॅडम आपोआप.' आणि तू बारा दिवस त्या आपोआपची वाट बघत बसलीस!

त्याने हे लिहून दिलं का? नाही ना? मग तो काही बोललाच नाही, असं धर.

2014 साली नाशिकला माझेही 1,215 रुपये असेच दोनदा गेले. तुझे काका म्हणाले, 'जेवण छान झालं ना, मग कशाला तोंड कडू करतेस?' मी गप्प बसले. हिशेबाच्या टेबलावर आयुष्य काढलेली बाई, पण चारचौघांत घासाघीस नको म्हणून गप्प! स्लिप चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवली. तीन महिन्यांनी बँकेत गेले, डबी उघडली, तर कागद कोरा. त्या मशीनच्या कागदावरची अक्षरं उडतात, हे कोण सांगणार? काउंटरवरच्या साहेबासमोर तो पांढरा चिटोरा धरून मी उभी होते. त्याने कागद उलटा करूनही पाहिला बिचाऱ्याने.

तेव्हापासून मी चहाच्या बिलाचासुद्धा फोटो काढते. घरातले हसतात. हसू देत.

आता पर्स उघड. स्लिपा किती आहेत, एक की दोन? सगळं त्यावर आहे. पहिल्या वेळी स्लिप निघालीच नसेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर तो फसलेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने पैसे स्वतःहून परत टाकायचे, उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई. तुझे बारा दिवस झालेत, मोज. पण दोन्ही स्लिपा 'अप्रूव्ह्ड', म्हणजे मंजूर, असतील, तर आपोआप काही येणार नाही. बँकेच्या लेखी ते दोन खरे व्यवहार. पैसे हॉटेलच्या बाजूला गेले. त्याच रात्री, मशीनचा दिवसाचा हिशेब बंद व्हायच्या आत, मॅनेजरला एक व्यवहार 'व्हॉइड', म्हणजे रद्द, करता आला असता. ते राहिलं. आता हॉटेलला मेल कर आणि बँकेत डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, नोंदव. सोबत बिलाची एक प्रत आणि दोन्ही स्लिपा. बिल नंबर एक, पैसे दोनदा. याहून बोलका पुरावा नाही.

एक सांभाळ. कस्टमर केअरला 'फ्रॉड' म्हणू नकोस. तो शब्द ऐकला की आधी कार्ड ब्लॉक करतात आणि तक्रार भलत्याच विभागात जाते. पिन तूच टाकला होतास. 'ड्युप्लिकेट डेबिट' म्हण, म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. फोन केलास तरी तक्रार क्रमांक घे आणि तोच क्रमांक घालून मेल टाक. फोनवर गोड बोलतात गं, पण उद्या दुसराच माणूस उचलतो. कागदावर आण, एवढंच मी ओरडतेय.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही. पण तिथेही पहिला प्रश्न हाच की बँकेला कधी लिहिलंत. म्हणजे परत तेच.

तू म्हणशील, मावशी पैशाला चिकटते. त्या 1,215 चं दुःख मला कधीच नव्हतं. (बरं, थोडं होतं.) मी मागितलेच नाहीत, याचं आहे. काका अजून म्हणतात, उगाच डोक्यात घेतलंस. घेतलं. आणि गेल्या वर्षी त्यांच्याच कार्डावर दोनदा पैसे गेले, तेव्हा स्लिपेचा फोटो कोणाच्या फोनमध्ये सापडला, ते त्यांनाच विचार.

आज मेल टाक, मलाही कॉपी कर. चार ओळींत तारीख, वेळ, रक्कम आणि स्लिपेवरचा आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तो बारा आकडी असतो. रडकथा नको. आणि त्याआधी त्या स्लिपांचा फोटो काढ, दिवसाउजेडी, त्या तुझ्या हँडक्रीमच्या ट्यूबशेजारून बाहेर काढून.

तुझी,
मावशी