पाचशे साक्षीदार आणि एक पत्र

प्रश्न : येशूच्या पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून मी टॅसिटस, जोसेफस आणि ‘पाचशे साक्षीदार’ सांगतो. मित्राने तिन्ही खोडून काढले. मग श्रद्धेला आधार कशाचा?

उत्तर : मित्राचे बरेचसे बरोबर आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस रोमन सुभेदार पिलाताने येशूला दिलेल्या देहदंडाची नोंद करतो, पुनरुत्थानाची नाही. यहुदी इतिहासकार जोसेफसच्या यहुद्यांच्या प्राचीन इतिहासाच्या अठराव्या खंडात येशू तिसऱ्या दिवशी जिवंत दिसला असे वाक्य आहे खरे. पण त्या उताऱ्यात पुढच्या ख्रिस्ती नकलकारांचा हात फिरला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि पाचशे जण म्हणजे पाचशे जबान्या नव्हेत. जिवंत झालेला येशू एकाच वेळी पाचशेहून अधिक जणांना दिसला, असे सांगणारा प्रेषित पौल एकटा आहे.

तरीही पौलाचे ते पत्र सोडू नका. करिंथकरांस पहिले पत्र १५:३–८ सावकाश वाचा. पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ मधले, पण हे आपल्याला मिळाले आणि आपण ते पुढे दिले, असे पौल तिथे सांगतो. मिळाले कुठून? लगेच गलतीकरांस १:१८–१९ उघडा. तो यरुशलेमेत केफाकडे, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे, पंधरा दिवस राहिला, प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. करिंथकरांच्या पत्रात येशूचे दर्शन झालेल्यांची जी यादी आहे, तिच्यात ही दोन्ही नावे आहेत! वधस्तंभाची घटना इ. स. ३० किंवा ३३ ची धरली, तर ही भेट थोड्याच वर्षांनंतरची. पिढ्या उलटल्यावर दंतकथा रचली गेली, हा आक्षेप इथे टिकत नाही. याकोब तर आधी विश्वास न ठेवणारा (योहान ७:५). ६२ साली त्याला दगडमार झाला. ही नोंद जोसेफसच्याच विसाव्या खंडात आहे आणि ती सहसा अस्सल मानतात.

रिकाम्या कबरेसाठी मार्क १६:१–८ घ्या आणि आठव्या वचनावर थांबा. पुढची वचने बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाहीत. कबर रिकामी पाहणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फार वजन नव्हते; प्रेषितांनाही त्यांचे बोलणे बरळणे वाटले, असे लूक लिहितो (२४:११). रचायचेच असते तर पुरुष निवडले असते. मला हा मुद्दा भक्कम वाटतो, पण तो निर्णायक नाही.

आम्ही त्याला जिवंत पाहिले, अशी शिष्यांची खात्री होती, इथवर इतिहास नेतो. ती भ्रमातून आली की देवाच्या कृतीतून, हे ठरवताना देव आहे का, तो जगात काही करतो का, हे प्रश्न मध्ये येतातच. तिथून पुढचे पाऊल श्रद्धेचे आहे, हे मित्राला सरळ सांगा. टॅसिटसचा मुद्दा मात्र आधीच मागे घ्या.