पारवा की कबूतर?

‘पारवा म्हणजे कबूतरच ना? मग दोन शब्द कशाला? आणि साडीचा पारवा रंग नेमका कोणता?’ असे तीन प्रश्न एका वाचकाने एकदम विचारले आहेत. माझ्या मते तिन्हींचं उत्तर रंगातच आहे.

पक्षी एकच. संस्कृत ‘पारावत’ झिजून मराठीत ‘पारवा’ झाला. गुजरातीतलं ‘पारेवुं’ आणि हिंदीतलं ‘परेवा’ त्याचीच भावंडं. ‘कबूतर’ आलं फारसीतून. पण दोन्ही शब्द वापरात राहिले, ते कामं वाटून घेऊन. विहिरीच्या कोनाड्यात, किल्ल्याच्या बुरुजात, पडक्या वाड्याच्या आढ्यावर राहतो तो पारवा. माणसाने पाळलेलं, दाणे टाकून पोसलेलं, चिठ्ठी नेणारं ते कबूतर. म्हणून दादरला कबूतरखाना आहे. ‘पारवेखाना’ कोणी म्हणणार नाही. बालकवींनी ओसाड धर्मशाळेच्या कौलांवर पारवा बसवला. तिथे ‘कबूतर’ घालून पाहा, सगळी उदासी उडून जाते.

आता रंग. निळसर झाक असलेला फिका करडा, म्हणजे पारव्याच्या पाठीचा रंग, तोच पारवा रंग. मानेवरची हिरवी-जांभळी चमक त्यात धरायची नाही. पोपटाचा रंग सांगताना आपण ‘पोपटी’ म्हणतो, मोराच्या पिसाचा ‘मोरपंखी’. इथे मात्र प्रत्यय लावावाच लागला नाही, पक्ष्याचं नाव जसंच्या तसं रंगाचं नाव झालं. मला ही फार सुंदर गोष्ट वाटते. आणि त्यामुळेच ‘पांढरं कबूतर’ सहज म्हणता येतं, पण ‘पांढरा पारवा’ कानाला खटकतं. नावातच रंग मुरलेला आहे ना!

गंमत म्हणजे ‘कबूतर’ही मुळात रंगाचंच नाव. फारसीत ‘कबूद’ म्हणजे निळसर करडा, आणि कबूतर हा शब्द त्याच्याच नात्यातला. मराठीत येताना ती ओळख मागे राहिली, म्हणून आपल्याकडे कबूतर कुठल्याही रंगाचं असू शकतं.

वापराचं थोडं. पारवा पुल्लिंगी: तो पारवा, ते पारवे, पारव्याचं घरटं. कबूतर नपुंसकलिंगी. दोघांच्या आवाजाला क्रियापद एकच, घुमणे. कावळा ओरडतो, चिमणी चिवचिवते, पारवा घुमतो. पोकळ जागेत फिरून येणाऱ्या आवाजालाही आपण घुमणंच म्हणतो. भर दुपारी जुन्या विहिरीत डोकावून ऐकलंत तर दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतील.

होल्याला मात्र पारवा म्हणू नका. तो अंगाने लहान, सडपातळ, तपकिरीकडे झुकणारा, आणि अंगणात जोडीने दाणे टिपताना दिसतो. दुकानात ‘पारवा’ मागितल्यावर कोणी तपकिरी छटेची साडी पुढे केली, तर ती परत ठेवायला सांगा.