आजोबांच्या १९६१च्या फोटोतली शेवरले ५५ची, ५६ची की ५७ची, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा इलिनॉयमध्ये शिकत असताना १९६१च्या सुमारास काढलेला कृष्णधवल फोटो आहे. गाडीची डावी बाजू आणि मागचा कोपरा दिसतो. घरात सगळे ‘५७ची बेल एअर’ (१९५७ सालची, शेवरलेच्या वरच्या दर्जाची गाडी) म्हणतात, ते खरं आहे का?

नाही. ती ५६ची आहे. बेल एअर असेलही, पण ते वेगळं तपासावं लागेल.

तुम्ही दिलेल्या वर्णनात उत्तर आलंच आहे. चार दारं आहेत, काचा खाली आहेत आणि दोन दारांच्या मधे खांब उभा नाही. बिनखांबाची चार दारांची बॉडी (कंपनीच्या भाषेत ‘स्पोर्ट सेदान’) शेवरलेने १९५६ साली आणली, म्हणजे ५५ बाद. डाव्या मागच्या मडगार्डवर पेट्रोलच्या टाकीचं झाकण दिसत नाही म्हणता. ५५ला ते तिथे सरळ बाहेर दिसतं. ५६ला डावा टेललाइटच बिजागरीवर खाली झुकतो आणि त्याच्यामागे टाकीचं तोंड असतं. ही युक्ती कॅडिलॅकने १९४१पासून वापरलेली. ५७ला ते डाव्या पंखाच्या (मागच्या मडगार्डवर माशाच्या परासारखा उठलेला पत्रा) मागच्या कडेवरच्या क्रोमपट्टीआड गेलं. आता ५६ आणि ५७ उरल्या, आणि ‘पंख आहेत पण फार नाहीत’ या तुमच्या वाक्याने ५७ही गेली. ५७चे पंख टोकदार आणि मागच्या काचेच्या तळापासूनच उठलेले असतात. त्यांना ‘फार नाहीत’ कुणी म्हणणार नाही.

खात्री करायची तर फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करा (निगेटिव्ह सापडली तर २४००च्या वर) आणि फक्त टेललाइट मोठा करून बघा. ५५चा तिकोनी, बाहेर आलेला. ५६चा उभट घरात बसवलेला, गोल भिंगाचा. ५७चा पंखाच्या बुडाशी, खाली सरकलेला. त्याआधी एक गोष्ट बघा: फोटो उलटा छापलेला नाही ना? निगेटिव्ह पालथी ठेवून काढलेल्या प्रती जुन्या अल्बमांत बऱ्याच सापडतात, आणि मग डावं-उजवं सगळंच फसतं. नंबरप्लेटवरचे आकडे सरळ वाचता आले की शंका मिटली.

गाडीचा पुढून काढलेला फोटो मिळाला तर काम आणखी सोपं. ५५ची ग्रिल चौकटी-चौकटींची आणि आखूड, हेडलाइटपर्यंत न पोचणारी. ५६ची पूर्ण रुंदीभर पसरलेली. ५७ला बंपर आणि ग्रिल एकात गुंफलेले, बॉनेटवर दोन लांबट उंचवटे, आणि हेडलाइटभोवतीच्या जाळीतून गाडीत हवा घेतलेली. तिन्ही वर्षांना पुढे दोनच दिवे. चार दिसले तर ती ५८ किंवा नंतरची, तिथे वेळ घालवू नका. ५५ आणि ५६च्या हेडलाइटवरच्या ‘भुवई’त आतून चिखल-पाणी साठून पत्रा कुजतो. इलिनॉयच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात गेलं की विचारूच नका. पाच वर्षं वापरलेल्या गाडीवर तिथे फोड किंवा पुटीचा डाग दिसला तर नवल नाही.

बेल एअरचा मुद्दा जास्त किचकट आहे, कारण या काळातली कुठलीही शेवरले आज ‘बेल एअर’ म्हणून सांगितली जाते. खरं तर तीन दर्जे होते: सगळ्यात स्वस्त वन-फिफ्टी, मधली टू-टेन आणि वरची बेल एअर. चासी, दारं, इंजिनांचे पर्याय सगळ्यांना तेच. फरक क्रोममध्ये आणि आतल्या सजावटीत. आणि ५६ला बिनखांबाची चार दारांची गाडी टू-टेनमध्येही मिळत होती, त्यामुळे खांब नसणं हा बेल एअरचा पुरावा नाही. बघायची ती बाजूची पट्टी. टू-टेनवर पुढून निघालेली एकच पट्टी मागच्या बंपरकडे उतरत जाते आणि खिडकीखालच्या खोलगट जागेतून एक तिरपी पट्टी तिला येऊन मिळते. बेल एअरवर गाडीच्या मागच्या भागात वर आणखी एक पट्टी असते, म्हणून तिथे दोन पट्ट्यांमध्ये निमुळती जागा तयार होते. दुरंगी गाडीत ती जागा वेगळ्या रंगाची, कृष्णधवल फोटोत वेगळ्या करड्या छटेची दिसते. शिवाय मागच्या मडगार्डवर तिरक्या अक्षरांत नाव. चाकांना पूर्ण झाकणारे व्हील कव्हर बेल एअरला कंपनीकडूनच येत, पण ते कुणीही विकत घेऊन लावत असे, म्हणून त्यावर विसंबू नका.

घरच्यांचा ‘५७’वरचा विश्वास मोडायचा असेल तर त्यांना ५७ची बेल एअर दाखवा. तिच्या मागच्या मडगार्डवर पाचरीच्या आकाराची जागा असते आणि ती रेषारेषांच्या ॲल्युमिनियमने भरलेली असते. टू-टेनवर तीच पाचर, पण आत नुसता रंग. बेल एअरच्या पुढच्या मडगार्डवर तीन छोट्या सोनेरी खुणा आणि सोनेरी ग्रिलही असते. अडचण अशी की कृष्णधवल फोटोत सोनेरी आणि रुपेरी यांतला फरक उजेडावर अवलंबून असतो, त्यामुळे मी नेहमी पाचर आधी बघतो.

डिकीवरच्या कंपनीच्या चिन्हाखाली मोठा ‘व्ही’ असेल तर व्ही-८ इंजिन (‘व्ही’ आकारात मांडलेले आठ सिलिंडर), नसेल तर २३५ घनइंची सहा सिलिंडर. ५६च्या व्ही-८ची क्षमता २६५ घनइंच. (५५ला हाच ‘व्ही’ टेललाइटांच्या खाली असतो. त्या पहिल्या वर्षीच्या व्ही-८च्या ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरसाठी जागाच नव्हती, ती ५६ला आली.)

नंबरप्लेटवरून गाडीचं नाही, फोटोचं साल कळतं. इलिनॉय त्या काळी दरवर्षी नवी प्लेट देत असे आणि तिच्यावर साल छापलेलं असे. म्हणजे ‘१९६१च्या सुमारास’ हेही तिथेच पक्कं होईल. टायरांवरचा पांढरा पट्टा रुंद असेल तर तोही त्याला जुळतो. अरुंद पट्ट्याची चाल १९६२पासून रूढ झाली.

जुन्या कागदांत विक्रीची पावती किंवा नोंदणी सापडली तर अनुक्रमांक बघा. तो ‘व्हीसी५६टी’ असा सुरू होऊन पुढे सहा आकडे असतील तर वाचायचं असं: ‘व्ही’ म्हणजे व्ही-८ (सहा सिलिंडरला हे अक्षर नसतं), ‘सी’ म्हणजे बेल एअर, ५६ साल, ‘टी’ म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टॅरीटाउन कारखाना. ‘बी’ असेल तर टू-टेन, ‘ए’ असेल तर वन-फिफ्टी. कारखान्यांत ‘एफ’ फ्लिंट, ‘जे’ जेन्सव्हिल, ‘एस’ सेंट लुइस, ‘एन’ नॉरवुड. इलिनॉयच्या शेजारच्या राज्यांतले जेन्सव्हिल आणि सेंट लुइस निघाले तर नवल नाही. प्रत्यक्ष गाडीवर हा क्रमांक ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर, छोट्या पट्टीवर असतो. टू-टेनला बेल एअरच्या पट्ट्या चढवून विकणारे आजही आहेत, आणि ते या एका अक्षरावर पकडले जातात.

एक फसवी जागा राहिली: त्याच वर्षांतली पाँटिॲक. दारं आणि छत बाजूने जवळजवळ तसंच दिसतं, कारण दोन्ही गाड्या जनरल मोटर्स या एकाच कंपनीच्या आणि मूळ बॉडीही एकच. ५५ आणि ५६च्या पाँटिॲकच्या बॉनेटवर लांबलचक चंदेरी पट्ट्यांची जोडी धावते, शेवरलेवर ती नाही.

घरातलं कुणी ‘अशीच गाडी मुंबईत पाहिली होती’ म्हणत असेल तर तेही शक्य आहे, पण ती इथे जोडलेली नव्हे. जनरल मोटर्सने शिवडीची जुळणी १९५४ सालीच थांबवली होती, त्यामुळे या तीन वर्षांच्या गाड्या बाहेरूनच आल्या. त्यांपैकी उजव्या स्टीअरिंगच्या गाडीचा आतला फोटो पुढे आला तर डॅशबोर्डवरून साल ठरवू नका. उजव्या बाजूसाठी कंपनीने ५७ सालापर्यंत ५५चाच डॅशबोर्ड आरशातल्यासारखा उलटवून वापरला.