शेजारी दिसतो, पण डेटा जात नाही

प्रिय मित्रा,

तुझ्या अ‍ॅड-हॉक जाळ्यासाठी, म्हणजे मध्यवर्ती राउटरशिवाय वाय-फायवर एकमेकांमार्फत डेटा पुढे पाठवणाऱ्या फिरत्या यंत्रांच्या (नोडच्या) जाळ्यासाठी, मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल कोणता घ्यावा यावर फार दिवस घालवू नकोस. सगळे नोड सारखे एकमेकांशी बोलणार असतील तर ओएलएसआर घे, तो मार्ग आधीच तयार ठेवतो. क्वचित बोलणार असतील तर एओडीव्ही, तो गरज पडली की मार्ग शोधतो. खरं दुखणं पुढे सुरू होतं: रूटिंग टेबलात, म्हणजे नोडच्या मार्गांच्या यादीत, शेजारी दिसतो, पिंगही (छोटा चाचणी-संदेश) अधूनमधून जातो, पण फाइल पाठवली की अडकते.

कारण शेजाऱ्यांना 'मी इथे आहे' सांगणारा हॅलो संदेश हा ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम सगळ्यांसाठी, असतो. वाय-फाय तो सगळ्यात कमी वेगाने पाठवतं, 2.4 गिगाहर्ट्झवर बहुधा 1 मेगाबिटने, म्हणून तो लांबवर ऐकू येतो. डेटा कितीतरी जास्त वेगाने जातो आणि त्याचा पल्ला तोकडा. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 मध्ये, हॅलो पोचतो पण डेटा पोचत नाही अशा या पट्ट्याला 'ग्रे झोन' म्हटलं. कमीत कमी हॉप (नोड ते नोड टप्पे) मोजणारा प्रोटोकॉल नेमका असाच लांबचा, कच्चा दुवा उचलतो.

म्हणून आधी सगळ्या नोडवर मल्टिकास्ट रेट (ब्रॉडकास्टही याच वेगाने जातो) 6 किंवा 12 मेगाबिट कर. मग हॉपऐवजी ईटीएक्स वापर, म्हणजे एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं तो आकडा; कमी तितका बरा. जाताना 80 टक्के आणि येताना 50 टक्के पॅकेटं पोचत असतील तर 0.8 गुणिले 0.5 म्हणजे 0.4, आणि 1 भागिले 0.4, म्हणजे 2.5. दोन्ही बाजूंनी 95 टक्के असलेले दोन हॉप मिळून 2.2 होतात, तोच मार्ग बरा. पण ईटीएक्सही ब्रॉडकास्टवरच मोजतात, तेव्हा रेट न बदलता नुसतं ते लावलंस तर आकडे गोड येतील आणि फाइल तिथेच अडकेल.

आता वेळ. ओएलएसआरचे नियम सांगणाऱ्या आरएफसी 3626 या दस्तऐवजात हॅलो दर 2 सेकंदांनी आणि शेजारी विसरायला 6 सेकंद. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे 67 मीटर पुढे जाते आणि पॅकेटं मेलेल्या दुव्यावर जात राहतात. हॅलो अर्धा सेकंद, होल्ड (शेजारी विसरायची मुदत) दीड सेकंद कर. टीसीचे (कोण कोणाला जोडलं आहे ते सगळ्यांना कळवणारा संदेश) 5 सेकंद तूर्त राहू देत, तो जाळंभर पसरतो, हवा त्यानेच भरते.

एका टेबलावर चाचणी घेतलीस तर सगळेच एकमेकांना थेट ऐकतात. टोकाच्या दोन नोडवर एकमेकांचे मॅक पत्ते (रेडिओचे ओळख-क्रमांक) आयपीटेबल्सने (लिनक्सची पॅकेट-चाळणी) गाळ. मार्ग बदलतो का, ते कळेल, पण हिडन टर्मिनलची टक्कर (एकमेकांना न ऐकणारे दोन नोड एकदम बोलले की होणारी) त्यात दिसत नाही, त्यामुळे वेगाचे आकडे मैदानातलेच लिही. एकाच रेडिओवर दोन हॉपला वेग निम्म्यावर येतो, तिथे बिघाड शोधत बसू नकोस.

अडलास तर नुसता लॉग नको, दोन्ही टोकांचं पॅकेट कॅप्चर (आल्या-गेल्या पॅकेटांची नोंद) पाठव, घड्याळं आधी जुळवून.