व्हॉल्यूमने घबराट दिसते, तळ दिसेलच असं नाही

पडत्या बाजारात एखाद्या दिवशी प्रचंड व्हॉल्यूम (व्यवहार झालेल्या शेअरांची संख्या) आला आणि ओबीव्ही (ऑन-बॅलन्स व्हॉल्यूम: चढत्या दिवसाचा व्हॉल्यूम मिळवत, पडत्या दिवसाचा वजा करत काढलेली रेषा) वर वळला, की तळ झाला समजून खरेदी करायची का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: त्या दिवशी तरी नको.

२००८ आठवा. १० ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या बाजारात तोवरचा विक्रमी व्हॉल्यूम झाला आणि एस अँड पी ५०० हा तिथला निर्देशांक सुमारे ८९९ वर बंद झाला. यापेक्षा मोठी घबराट काय असणार, असं वाटून ज्यांनी घेतलं त्यांना ९ मार्च २००९ ला ६७६ बघावं लागलं. म्हणजे आणखी जवळपास चौथा हिस्सा गेला. त्या खऱ्या तळाला व्हॉल्यूम ऑक्टोबरच्या विक्रमापेक्षा बराच कमी होता. १९८२ मध्ये तर क्रम आणखी वेगळा: डाऊ जोन्स या अमेरिकी निर्देशांकाचा तळ १२ ऑगस्टला झाला, आणि १३ कोटींवर शेअरांचा विक्रमी दिवस आला १८ तारखेला, बाजार वर निघाल्यावर!

कारण सोपं आहे. घाबरून विकणारे एका दिवसात संपत नाहीत. अडकलेले बरेच जण उसळीची वाट बघत बसतात आणि भाव थोडा वर आला की तेही माल काढतात. म्हणून मी घबराटीच्या दिवसाचा नीचांक फक्त चार्टवर आखून ठेवतो. भाव पुन्हा तिथे आला आणि या वेळी व्हॉल्यूम आटलेला असेल, तर विकणारे संपत आलेत असं मानतो. त्यानंतर वाढीच्या दिवशी बहुतेक शेअर भरपूर व्हॉल्यूमसह वर जायला हवेत; चार बड्या शेअरांनी ओढलेला निर्देशांक मी धरत नाही. अर्थात दर वेळी भाव खाली परत येतोच असं नाही. कधी गाडी सुटते, सुटू द्यावी.

ओबीव्हीबद्दल: बाजार विश्लेषक ग्रॅनव्हिलनी १९६३ मध्ये लोकप्रिय केलेलं हे साधन उपयोगी आहे, पण ढोबळ. बंद भाव किंचित जरी वर असला तरी दिवसाचा अख्खा व्हॉल्यूम अधिक धरला जातो. त्यामुळे एका अवाढव्य दिवसाने रेषा वळते आणि आपण फसतो. मीही सुरुवातीला असाच एक शेअर घेतला होता. मागाहून कळलं की तो व्हॉल्यूम निर्देशांकातले शेअर बदलण्याच्या फेरबदलाचा होता. तेव्हापासून एक्स्पायरी (फ्युचर्स-ऑप्शन्सची मुदत संपण्याचा दिवस) आणि फेरबदलाच्या तारखा आधी तपासतो, ओबीव्ही नंतर.